कॅशलेसच्या खिडकीवर तंबाखूचा काढा

सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, गच्चीतल्या मिरच्यांवरच्या मावा किडीसाठी तंबाखू उकळून काढा केला आणि फवारला. पंप गळका, शर्टाची पाठ भिजली, तरी कुंड्या संपेपर्यंत थांबले नाहीत. घरचंच तर औषध! थोड्याच वेळात दरदरून घाम, उलट्या, हात थरथरायला लागले. हॉस्पिटलमध्ये ओला शर्ट उतरवून अंग साबणाने धुतलं, सलाईन लावलं. निकोटीन कातडीतूनही अंगात भिनतं. हे सगळं पटापट झालं.

अडलं ते आरोग्य विम्याच्या कॅशलेसच्या खिडकीवर. केसपेपरवर ‘पॉयझनिंग’ लिहिलेलं, म्हणजे एमएलसी (मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवायची नोंद) आली, जबाब घ्यायला पोलीस आले. ‘‘घरात काही वाद?’’ आप्पा सलाईनसकट उठून बसले, ‘‘वाद माव्याशी होता!’’ हवालदार हसले, पण खिडकीतला माणूस हसेना. ‘‘औषधाचं नाव? कंपनी? रिकामी बाटली आणा.’’ म्हटलं, कंपनी नाही, तंबाखू आहे. तर म्हणे, ‘‘तंबाखू? मग व्यसनात जाईल, क्लेम बसणार नाही.’’ आयुष्यात सुपारीचं खांड न चघळलेला माणूस! व्यसन नाही म्हटलं की आत्महत्येचा संशय, तो नाही म्हटलं की पुन्हा कंपनीचं नाव. फॉर्मवर तिसरा रकानाच नव्हता. दुपार गेली, संध्याकाळ गेली, साहेब जेवायला गेले, साहेब मीटिंगमध्ये गेले.

शेवटी डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलं: ‘फवारणी करताना त्वचेतून अपघाती विषबाधा’. या एका ओळीने फाइल हलली. तेव्हा हे शब्द दाखल होतानाच केसपेपरवर लिहून घ्या. एमएलसीचा नंबरही टिपून ठेवा. क्लेम मंजूर झाला, फक्त नर्सच्या हातमोज्यांचे पैसे कापले.

निकोटीन सल्फेट हे कीटकनाशक शेतीत वापरायला आपल्याकडे बंदी आहे, आणि तेच निकोटीन पातेल्यात उकळलं की ‘नैसर्गिक’. वर आप्पांनी उरलेला काढा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून फ्रिजच्या दारात ठेवला होता! तो आधी ओतून टाकला.

हो, एक राहिलंच. फवारणीचा अर्क दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा, असेल तर कुठकुठला पाला घातला ते डॉक्टरांना आठवून सांगा. त्यात धोतरा असतो, कण्हेरही असते. धोतऱ्याने घाम सुटत नाही, उलट तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळतो. कण्हेर थेट हृदयावर जाते. नुसतं ‘झाडपाल्याचं औषध’ म्हटलं तर डॉक्टरांनी काय ओळखायचं?