अमुक

ब्रिटनमधल्या एका संग्रहालयात मी दगडी वस्तूंच्या जतनाचं काम करते. आमच्याकडे भारी रसायनं असतील असं लोकांना वाटतं. पहिली सफाई बऱ्याचदा थुंकीने होते. बांबूच्या काडीवर कापूस गुंडाळायचा, जिभेला लावायचा, दगडावर हलकेच फिरवायचा. थुंकीतली विकरं मळ सोडवतात. (आईला हे अजून सांगितलेलं नाही.)

त्या दिवशी टेबलावर प्राचीन इजिप्तचा हृदय-स्कॅरॅब होता, म्हणजे ममीसोबत ठेवायचा किड्याच्या आकाराचा ताईत. ग्रेवॅक या हिरवट-काळ्या कठीण दगडाचा, मुठीत मावणारा शेणकिडा. छोटे ताईत बहुतेक स्टिएटाइटचे असतात. नखाने ओरखडा उठेल इतका मऊ दगड, पण कोरून, झिलई देऊन भाजला की टणक होतो. ग्रेवॅकमध्ये ती सोय नाही, त्यामुळे यातली एकेक रेघ कष्टाची. ममी करताना इजिप्शियन लोक हृदय शरीरातच ठेवत आणि छातीवर हा किडा. पोटाकडच्या सपाट बाजूवर 'मृतांच्या ग्रंथा'तला (मृतासोबत पुरायच्या मंत्रांच्या संग्रहातला) ३०ब हा मंत्र: आईकडून मिळालेल्या माझ्या हृदया, न्यायाच्या वेळी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. घरचाच साक्षीदार फुटायची भीती!

पहिल्या ओळीवर काळा थर होता. जुन्या कार्डावर टाइप केलेलं: 'बेसाल्ट. काळं वॉर्निश.' बेसाल्ट चूक आहे हे मला बघताक्षणी कळलं. तरी त्याच कार्डावरच्या पुढच्या शब्दांवर मी विश्वास ठेवला. वॉर्निश ओळखायला लागतो तो अतिनील दिवा दुसऱ्या विभागात गेला होता, आणि प्रदर्शनाची तारीख ठरली की वरून एकच निरोप येतो, 'फक्त पुसून द्या.'

थुंकीने काही हललं नाही. ॲसिटोन घेतलं. बोळा तपकिरी झाला. दुसरा, तिसरा. 'ओसिरिस' ही चिन्हं वर आली, सिंहासन आणि डोळा. ओसिरिस म्हणजे मृतांचा देव, मेलेल्या माणसालाही तेच नाव लावत. त्यांच्यापुढे मृताचं नाव असतं. पुढे गुळगुळीत दगड. खोडलेलं नाही, कोरलेलंच नाही. असे तयार स्कॅरॅब बनवून ठेवत, नाव गिऱ्हाईक आल्यावर. आपल्या पोथीत 'अमुकगोत्रः अमुकशर्मा' छापलेलं असतं तसं. इथे अमुक तसाच पुरला गेला.

आनंदात मी सूक्ष्मदर्शक उरलेल्या थराच्या कडेवर नेला. काळ्यात विणीचा ठसा होता. उभे-आडवे धागे, तागाच्या पट्टीचे. वॉर्निश कसलं, ममीवर ओतलेला लेप होता तो, आणि पट्टी त्यात चिकटून वाळली होती. नंतर दिवा मिळाला. जुनं लाखेचं वॉर्निश असतं तर त्याखाली नारिंगी चमकलं असतं. थर काळाच राहिला.

क्युरेटर खूश आहेत. कोरी जागा हीच बातमी, म्हणतात, उरलेलंही काढून टाका. मी नाही म्हणाले. पण मी काढलं नसतं तर ती कोरी जागा त्यांना दिसलीच नसती, हे त्यांनी बोलून दाखवलं, आणि मला उत्तर सुचलं नाही. सूक्ष्म-सीटीने, म्हणजे बारीक तपशील टिपणाऱ्या क्ष-किरण स्कॅनने, थर न हलवता कदाचित दिसलं असतं. त्याचे पैसे कोण देणार?

कचऱ्याच्या डब्यातून बोळे शोधून काचेच्या कुपीत भरले, आकडे घातले. सहा वापरले होते. चारच सापडले.