चिठ्ठी क्रमांक एक

मतदार यादीत एका घरातली माणसं एकापुढे एक येतात. म्हातारा, म्हातारी, थोरला मुलगा, त्याची बायको, धाकटा, त्याची बायको. प्रत्येकाचा एक चौकोन, त्यात फोटो, घर क्रमांक, वय. मतदार आला की पहिला मतदान अधिकारी त्या चौकोनावर लाल शाईनं तिरपी रेघ मारतो. बाई असेल तर अनुक्रमांकाभोवती गोलही करतो. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेच्या मतदानाला मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात केंद्राध्यक्ष होतो. दुपारी गर्दी ओसरल्यावर यादीची ती प्रत चाळायला घेतली आणि पानामागून पान एकच नक्षी दिसत गेली. म्हाताऱ्यावर रेघ, म्हातारीवर रेघ आणि गोल, पुढे चार चौकोन कोरे. पुढचं घर, म्हातारीवर रेघ, मग तीन कोरे. कोऱ्या चौकोनांतली वयं वाचली तर 24, 27, 31, 36.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. दिवाळीची सुट्टी संपली की माझ्या हजेरीपटावर हेच दिसतं. आईबाप ऊसतोडीला जातात, पोरंही फडावर जातात. तरी मतदार यादीत मी हे कधी पाहिलं नव्हतं, कारण आमच्याकडची विधानसभा दिवाळीच्या आत व्हायची. 2014 ला मतदान 15 ऑक्टोबरला झालं, 2019 ला 21 ऑक्टोबरला. दोन्ही वेळा ऊसतोडीच्या टोळ्या गावातच होत्या. या वेळी लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला, गाळप हंगाम 15 नोव्हेंबरला आणि मतदान 20 ला. महिनाभराच्या फरकानं गावातली सगळ्यात कामाची पिढी यादीत राहिली आणि केंद्रावरून गेली.

केंद्रावरच्या कामाबद्दल बाहेरच्यांना वाटतं की यंत्र लावायचं आणि बसायचं. पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान 50 मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं, मतदान घ्यायचं, निकाल ताडून दाखवायचा, यंत्र कोरं करायचं, चाचणीच्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात सील करायच्या आणि सातच्या ठोक्याला खरं मतदान सुरू करायचं. माझ्या चमूनं हे एकही चूक न करता केलं, आणि त्यातल्या दोघांची ती पहिलीच निवडणूक होती. त्याचा मला अभिमान आहे.

दर दोन तासांनी आकडे कळवायचे असतात. पुरुष किती, स्त्रिया किती, इतर किती, एकूण किती. वयाला रकाना नाही. अकराच्या आकड्यात बाया पुरुषांच्या पुढे होत्या, आणि फोनवर क्षेत्रीय अधिकारी खूश झाले. खूश होण्यासारखं आहेच. 1962 च्या लोकसभेला देशात बायकांचं मतदान पुरुषांपेक्षा जवळपास 17 टक्क्यांनी कमी होतं. 2019 ला त्या पहिल्यांदा किंचित पुढे गेल्या. माझ्या केंद्रावर पदर सावरत रांगेत उभ्या असलेल्या साठीतल्या बाया पाहिल्या की हा बदल डोळ्यांना दिसतो. पण अकराच्या आकड्यात पुढे असलेल्या या बाया कोण होत्या? बहुतेक सासवा. सुना फडावर होत्या. ‘स्त्रिया’ या एका रकान्यात दोघी एकत्र बसतात, आणि सून आली नाही हे कुणाला कळतही नाही.

कळतं ते उमेदवारांच्या प्रतिनिधींना. त्यांच्यासमोर यादीची आपापली प्रत असते. एकानं काही नावांपुढे शिसपेन्सिलीनं ‘ऊ’ लिहिलं होतं. मी विचारलं, तर सरळ म्हणाला, “ऊसतोडीला गेलेले, गुरुजी. यांच्याकडं प्रचाराला जाऊन उपयोग नाही, म्हणून आधीच वेगळे काढलेत.” पलीकडच्या पक्षाच्या प्रतिनिधीनं मान हलवली. त्याच्याकडेही तशीच खूण होती, फक्त अक्षर वेगळं.

तो ‘ऊ’ मला फार लागला. कारण पुढचं सगळं त्या अक्षरातून निघतं. त्या निवडणुकीत लाडकी बहीणचे 1500 रुपये सगळीकडे होते. एका बाजूनं 2100 करू म्हणत होते, दुसऱ्या बाजूनं 3000 देऊ म्हणत होते. निराधारांचं मानधन होतं, सोयाबीनचा भाव होता. यातलं काही खोटं नाही, गावात राहिलेल्या माणसांना ते सगळं हवं होतं. पण तोडणीचा दर, फडावर बाई आजारी पडली तर दवाखाना, पोरांना मागं ठेवून जाता येईल असं वसतिगृह, यावर गावातल्या सभेत कुणी बोललं का, असं मी त्या दोघांना विचारलं. दोघांनी आठवून पाहिलं. मग एक म्हणाला, “समोर ती माणसंच नव्हती तर बोलायचं कुणापुढं?”

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, ती.

साडेपाचच्या सुमारास एक बाई आली. यादीत वय 27. कडेवर वर्षभराचं मूल, पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला, डाव्या हाताच्या बोटांवर उसाच्या पाचटानं कापल्याच्या बारीक रेघा. कोल्हापूरकडच्या फडावरून आदल्या रात्री निघाली होती. थोडं टेम्पोनं, मग एसटीनं, फाट्यापासून चालत. तिचं नाव माझ्याकडच्या अनुपस्थित, स्थलांतरित, मृत मतदारांच्या यादीत ‘स्थलांतरित’ म्हणून होतं. ही नोंदच चूक आहे. हंगामापुरता बाहेर गेलेला माणूस गावचा रहिवासी राहतोच, 1950 च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचं 20 वं कलम तेच सांगतं. घरोघर फिरून ही यादी करणाऱ्यांवर इतर कामांचा एवढा बोजा असतो, की कुलूप दिसलं की ‘स्थलांतरित’ लिहून पुढं जातात. तरी त्या यादीत नाव असलं म्हणून मत जात नाही. केंद्राध्यक्षानं स्वतः ओळखपत्र तपासायचं, घोषणापत्रावर सही घ्यायची, अंगठा घ्यायचा आणि मत देऊ द्यायचं. मी कागद काढून तयार ठेवला.

“ओळखपत्र?”

“कार्ड मागच्या हंगामाला कोपीत भिजून गेलं. आधार मुकादमाकडं हाय. फोटो हाय मोबाइलमधी.”

मुकादम म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार. त्यानं उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, देताना आधार ठेवून घेतलेलं. फोटो चालत नाही, मूळ ओळखपत्रच लागतं. मतदार ओळखपत्र नसेल तर आयोगानं ठरवलेली बारा इतर कागदपत्रं चालतात, त्यात फोटो असलेलं बँकेचं पासबुक आहे, मनरेगाचं जॉबकार्डही आहे. मी तिला एकेक विचारत गेलो. पासबुक निघालं, त्यावर फोटो नव्हता. सासू म्हणाली, जॉबकार्ड घरी आहे, आणि ती बाई या वयात अक्षरशः पळत गेली.

तेवढ्यात सहा वाजले. सहाला रांगेत जे उभे असतील त्या सगळ्यांना मत देता येतं. त्यासाठी केंद्राध्यक्ष सहीच्या चिठ्ठ्या वाटतो आणि वाटताना शेवटच्या माणसापासून सुरुवात करतो, म्हणजे मागून कुणी घुसू शकत नाही. रांगेत नऊजण होते. ती शेवटची, म्हणून चिठ्ठी क्रमांक एक तिला दिली. तिनं ती मुठीत घट्ट धरली.

जॉबकार्ड आलं. जुनं, कडा कुरतडलेलं. आत कुटुंबाचा फोटो चिकटवलेला आणि त्यावर शिक्का. सासरा, सासू, दोन मुलगे. कार्ड तिच्या लग्नाआधीचं होतं. फोटोत ती नव्हती.

प्रतिनिधी दोघेही उठून उभे राहिले. दिवसभर एकमेकांशी न बोललेले ते दोघं एका सुरात म्हणाले, “गुरुजी, आमचा काही आक्षेप नाही. ही आमच्या गावची सून आहे, आम्ही सही देतो.” पोलीस पाटलांनाही बोलावलं, त्यांनीही ओळखलं. मी क्षेत्रीय अधिकाऱ्यांना फोन लावला. “नियमात बसतं का बघा, निर्णय तुमचा,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आमच्या यंत्रणेत हे वाक्य प्रत्येकाला तोंडपाठ आहे, आणि अडचणीच्या वेळी वरून दुसरं काही येत नाही.

मी तिला मत देऊ दिलं नाही.

ती भांडली नाही. म्हणाली, “मंग नाव कापत्याल का माझं? मत टाकलं नाही की नाव जातं, म्हणत्यात. मंग रेशन पण जातं.” मी सांगितलं, असं काही होत नाही, मत दिलं नाही म्हणून नाव कमी होत नाही आणि रेशनचा याच्याशी संबंध नाही. तिला पटलं असं वाटलं नाही. एवढ्या लांबून ती याच भीतीनं आली होती. नवरा तिकडेच थांबला होता. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. एक तोडतो, दुसरा मोळ्या बांधतो, एक नसला तर दुसऱ्याचंही काम बसतं. तिच्या दोन दिवसांसाठी मुकादम दोघांचा खाडा धरणार होता. मतदानाच्या दिवशी पगारी सुटी द्यावी, रोजंदारीवर असलेल्यालाही, असा कायदा आहे. उचलीच्या वहीत तो कुठंच लिहिलेला नसतो.

तेव्हापासून मी हे सगळं उलटसुलट करून पाहतोय. मतदाराच्या ओळखीवर प्रतिनिधीनं आक्षेप घेतला तर दोन रुपये भरून घेऊन केंद्राध्यक्ष तिथंच चौकशी करतो, गावच्या माणसांना विचारतो आणि निर्णय देतो. इथं गावातलं कुणीच आक्षेप घेत नव्हतं, म्हणून चौकशीही नाही. नंतर माझ्याबरोबरचे एक जुने केंद्राध्यक्ष म्हणाले की ओळखपत्राची अट त्या वाटेनंही सुटली नसती, तुम्ही बरोबर केलंत. बरोबर केलं असेन. पण माझं स्वतःचं मत मी चार दिवस आधी दिलं होतं. निवडणुकीच्या कामासाठी मी माझ्या मतदारसंघाबाहेर होतो, म्हणून सरकारनं मला टपाली मतपत्रिका दिली, सुविधा केंद्र उघडलं, टेबलखुर्ची दिली. 85 वर्षांवरच्यांकडे आणि 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांग असलेल्यांकडे चमू घरी गेला, कॅमेऱ्यासकट. हे योग्यच आहे. तीही कामासाठीच मतदारसंघाबाहेर होती. एकाच यंत्रावर 72 मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं दूरस्थ मतदान यंत्र निवडणूक आयोगानं 2022 च्या डिसेंबरात जाहीर केलं होतं. पुढच्या महिन्यात पक्षांना बोलावलं, विरोधी पक्षांनी हरकत घेतली आणि विषय तिथंच थांबला. यंत्राबद्दलच्या शंका मी समजू शकतो. पण शंका फेडायला दुसरी बैठक व्हायला हवी होती, आणि ती लावून धरणारं कुणी नव्हतं. ज्यांच्यासाठी ते होतं त्यांची नावं ‘ऊ’मध्ये गेलेली असतात.

रात्री साहित्य जमा करायला गेलो तेव्हा माझ्या केंद्राची टक्केवारी पाहून तिथला तरुण कारकून म्हणाला, “गाव उदासीन दिसतंय, सर.” राज्याचं मतदान 2019 च्या सुमारे 61 टक्क्यांवरून 66 वर गेलेलं, आणि हे गाव त्याच्या बरंच मागे. मी त्याला सांगायला सुरुवात केली, पण मागे रांग होती आणि त्याला पावती फाडायची होती.

निघताना सुटे कागद लावत होतो. सहानंतरच्या चिठ्ठ्या मत देताना परत घ्यायच्या असतात. नऊ वाटल्या होत्या, मोजल्या तर आठ भरल्या. दोन ते नऊ क्रमानं होत्या. माझ्या सहीची एक नंबरची चिठ्ठी ती परत फडावर घेऊन गेली होती.