अकरावी कॉलनी

लॅबमध्ये धाकट्याच्या नमुन्यातले जंतू वाढवलेली प्लेट उघडताच द्राक्षांसारखा गोडसर वास आला. कॉलन्या, म्हणजे जंतूंचे ठिपक्यांसारखे पुंजके, सपाट, हिरव्या. थोरल्याच्या प्लेटवर मात्र सगळा चिकट, शेंबडासारखा थर. दोघे सख्खे भाऊ, दोघांनाही सिस्टिक फायब्रोसिस, फुप्फुसात घट्ट कफ साचवणारा आनुवंशिक आजार. थोरल्याच्या फुप्फुसात सुडोमोनास एरुजिनोसा हा जंतू कित्येक वर्षांपासून ठाण मांडून होता. धाकट्याच्या नमुन्यात तो पहिल्यांदाच उगवला. आईने डॉक्टरांना विचारलं होतं, "मोठ्याकडून आला का?" डॉक्टरांनी तोच प्रश्न माझ्याकडे पाठवला.

नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर उत्तर 'नाही' असंच येतं. पण या जंतूच्या बाबतीत दिसण्यावर जाऊ नये. फुप्फुसात मुक्काम वाढला की तो अल्जिनेटचं चिकट आवरण ओढून घेतो, कधी हिरवा रंग सोडतो, कधी पोहायची शेपटीही टाकून देतो. शिवाय तो ओलाव्यात, नळाच्या तोंडाशी, सिंकमध्ये कुठेही असतो. धाकट्याला तो तिथूनही लागला असू शकत होता.

प्रत्येकाची एकेक कॉलनी सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए अक्षर-अक्षर वाचायला, दिली. साठ लाखांहून जास्त अक्षरांच्या जीनोममध्ये, म्हणजे जंतूच्या संपूर्ण डीएनएमध्ये, फरक निघाला ३१२ अक्षरांचा. स्ट्रेन, म्हणजे जंतूचे वाण, परके असते तर फरक हजारोंत गेला असता. ताजी लागण असती तर बोटांवर मोजण्याइतका असता. हा आकडा दोन्हीकडे बसेना. 'थेट संसर्गाचा पुरावा नाही' असं लिहून रिपोर्ट तयारही झाला होता, फक्त सही राहिली होती. तेवढ्यात थोरल्याच्या कॉलनीतलं म्युट-एस हे जनुक मोडलेलं दिसलं. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करायच्या यंत्रणेतलं हे जनुक. ते बिघडलं की चुका भराभर साचत जातात. म्हणजे तो ३१२ चा आकडा दोघा भावांमधलं अंतर सांगत नव्हता. त्या एका कॉलनीचा बिघाड सांगत होता.

मी फ्रिजमधून थोरल्याची प्लेट परत काढली. दिव्याखाली तिरकी धरून चिकट थराच्या कडेकडेने शोधत बारा कॉलन्या उचलल्या. अकरावी मोहरीएवढीही नव्हती, थराखाली जवळजवळ दडलेली.

तिच्यात आणि धाकट्याच्या कॉलनीत फरक होता फक्त चार अक्षरांचा. सगळ्या कॉलन्यांचा वंशवृक्ष काढला, तर धाकट्याची कॉलनी थोरल्याच्या फांद्यांच्या अगदी मधोमध बसली. कितीतरी वेळ मी त्या आकृतीकडे बघत राहिले. एका नमुन्यातून एकच कॉलनी उचलायची आमची सवय घातक आहे, हे मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत बोलते. कंटाळा येईपर्यंत बोलते.

डॉक्टरांनी घरी विचारपूस केली. नेब्युलायझर दोघांचे वेगळे होते, पण धुतल्यावर दोन्हींचे कप एकाच ओल्या ट्रेमध्ये वाळत असत. लागण नेमकी तिथूनच झाली असं मी लिहिलं नाही, कारण तो ट्रे मी तपासला नव्हता. ट्रे मात्र त्याच दिवशी वेगळे झाले. लागण नवी असताना जंतू हटवता येतो, म्हणून धाकट्याला श्वासावाटे टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक सुरू झालं, २८ दिवसांचं. थोरल्याला काय आणि कसं सांगायचं, हे आईने डॉक्टरांशी बोलून ठरवलं. त्याचा यात काडीचाही दोष नाही, हे वाक्य तिने डॉक्टरांकडून त्याच्यासमोर वदवून घेतलं.

उपचारांनंतर धाकट्याचा नमुना आला. नेहमी ४८ तासांनी बघून प्लेट टाकून देतो. ही मी पाच दिवस ठेवली, रोज सकाळी आधी तीच काढून बघायचे. पाचव्या दिवशीही तिच्यावर सुडोमोनास नव्हता.