स्लॅशरच्या पात्याला धार किती हवी?

यंदा श्रावणात बागेतले गवत ट्रॅक्टरमागच्या स्लॅशरने दुसऱ्यांदा कापले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायला गेलो, तर आंब्याच्या दोन ओळींमधला पट्टा हिरवा दिसण्याऐवजी पांढुरका, करपल्यासारखा दिसत होता. खाली वाकून चार काड्या हातात घेतल्या. कुंदा गवताची टोके कापली गेलीच नव्हती. ती चेचून त्यांच्या दशा निघाल्या होत्या, आणि काँग्रेस गवताची जाड खोडे तर अर्धवट मोडून तशीच उभी होती. ट्रॅक्टर नेहमीच्याच गिअरमध्ये चालवूनही चढावर इंजिनाचा आवाज दबत होता, ते का, याचा उलगडा तेव्हा झाला. स्लॅशरची पाती बोथट झाली होती.

आमची केसर आंब्याची बाग जालना जिल्ह्यात मुरमाड जमिनीवर आहे. पावसाळ्यात ओळींमध्ये वाढणारे गवत मी उपटत नाही की त्यावर तणनाशक मारत नाही; ट्रॅक्टरच्या मागे पाच फुटी रोटरी स्लॅशर जोडून ते कापतो आणि जागेवरच आच्छादन म्हणून पडू देतो. या यंत्राची रचना साधी आहे. पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद मागच्या यंत्राला देणाऱ्या दांड्यातून मिनिटाला ५४० फेरे मिळतात, मधला गिअरबॉक्स ते काटकोनात वळवून मिनिटाला सुमारे ८०० पर्यंत वाढवतो, आणि खाली आडव्या जाड पट्टीच्या दोन टोकांना एकेक पाते बोल्टाने लटकावलेले असते. पाते घट्ट जखडलेले नसते. फिरताना वेगामुळे ते बाहेरच्या दिशेला ताणून सरळ राहते आणि दगड किंवा खुंट लागला की मागे झुकून मार चुकवते. पाच फूट व्यासाच्या वर्तुळात ८०० फेरे म्हणजे पात्याचे टोक सेकंदाला ६० मीटरहून जास्त, अर्थात ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास धावत असते. म्हणूनच हे यंत्र विळ्यासारखे कापत नाही. ते वेगाने घाव घालते, आणि हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे सुरुवातीची दोन वर्षे मी स्वतःच्या हाताने पाती खराब केली.

त्या काळी मला वाटे की धार जितकी बारीक तितके काम चांगले. ग्राइंडर घेऊन मी पात्याच्या दोन्ही बाजू घासल्या आणि विळ्यासारखी पातळ धार काढली. गावातल्या लोहारमामांनी ते पाते बोटाने चाचपले आणि म्हणाले, "दादा, गवताची दाढी करायची आहे का?" मी हसण्यावारी नेले. पहिल्या तासाभरातच मुरमातल्या काळ्या दगडांनी त्या धारेचे जागोजाग टवके काढले आणि संध्याकाळी पाते करवतीसारखे दिसू लागले. स्लॅशरच्या पात्याची धार मुद्दाम थोडी जाड, म्हणजे कडेला साधारण दीड मिलिमीटर राहील इतकीच ठेवायची असते. ती फक्त वरच्या बाजूने, मूळ उताराच्याच कोनात घासायची. खालच्या सपाट बाजूला ग्राइंडर लावायचाच नाही. बोथटपणा गेला आणि कड सरळ झाली की थांबावे. टवका खोल असेल तर तो पूर्ण नाहीसा होईपर्यंत घासत बसण्यात निव्वळ पोलाद वाया जाते. पुढच्या दोन-तीन वेळच्या धारेत तो आपोआप भरून निघतो.

दुसरी चूक याहून महागात पडली, कारण ती डोळ्यांना दिसत असूनही तिचा अर्थ मला कळत नव्हता. घाईघाईने एकाच जागी ग्राइंडर दाबून धरला की पात्याची कड आधी पिवळसर, मग तपकिरी आणि शेवटी निळी पडते. निळा रंग आला, म्हणजे लोहार ज्याला पोलादाचे पाणी म्हणतात, ते त्या जागी उतरले असे समजावे. तेवढा भाग मऊ होतो आणि पुढे कितीही धार लावली तरी टिकत नाही. आता मी जाड दगडी चाकाऐवजी फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती वापरतो, हात बोल्टाकडून टोकाकडे सतत सरकता ठेवतो आणि पात्याला हात लावणे जड जाऊ लागले की ते बाजूला ठेवून दुसरे घेतो. तापलेले पाते पाण्याच्या बादलीत बुडवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण एकदम थंड झालेल्या पोलादाला केसासारखी चीर जाऊ शकते आणि ताशी दोनशे किलोमीटरने फिरणाऱ्या पात्यात चीर असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

हे सगळे पाती काढल्यानंतरचे झाले. ती काढताना मी एक क्रम कधीच मोडत नाही. इंजिन बंद करून किल्ली खिशात घालायची, पाती फिरायची पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहायची (पीटीओ बंद केल्यावरही ती बराच वेळ फिरत राहतात), मग पीटीओचा दांडा काढून ठेवायचा आणि उचललेल्या यंत्राखाली चारही कोपऱ्यांना लाकडाचे जाड ठोकळे द्यायचे. हायड्रॉलिक लिफ्टच्या भरवशावर कोणीही यंत्राखाली हात घालू नये. एखादा सील किंवा पाइप गेला, किंवा खेळता खेळता मुलाने लिव्हर ओढला, तरी काही क्विंटलांचे यंत्र क्षणात खाली येते. पत्र्यावर वरून एक गोल भोक असते. पाते हाताने फिरवून नट त्या भोकाखाली आणला की वरूनच पाना लावता येतो, आणि बहुतेक काम खाली न शिरताच होते. पाते काढण्याआधी त्याच्या वरच्या बाजूला खडूने खूण करतो, कारण उलटे बसवले तर धार मागे आणि पाठ पुढे होते. असे घडलेले मी शेजारच्या शिवारात पाहिले आहे. ते गृहस्थ दिवसभर गवत नुसते झोडपत होते.

माझ्या मते या कामात धारेपेक्षाही महत्त्वाचे काही असेल तर ते दोन्ही पात्यांचे वजन. एका पात्याला मोठा टवका होता म्हणून मी तेवढेच एक घासले आणि दुसरे तसेच ठेवले, त्या हंगामात स्लॅशर थरथरू लागला. थरथर किरकोळ वाटली म्हणून काम चालूच ठेवले आणि महिनाभरात गिअरबॉक्सच्या खालच्या सीलमधून तेल गळू लागले. नंतर कागदावर हिशेब मांडला, तेव्हा थक्क झालो. दोन पात्यांत ५० ग्रॅमचा फरक असेल आणि तो मध्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर ८०० फेऱ्यांना तो फरक २१ किलो वजनाइतक्या जोराने दांड्याला एका बाजूला ओढतो, आणि तेही सेकंदाला तेराहून अधिक वेळा दिशा बदलत. बेअरिंग आणि सील यांनी हे किती दिवस सोसावे? तेव्हापासून पाती नेहमी जोडीनेच काढतो, जोडीनेच घासतो आणि गावातल्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नेऊन तोलतो. दुकानदाराला आता त्याची सवय झाली आहे. साखरेच्या पोत्याशेजारी माझी पाती ठेवायला तो स्वतःच जागा करून देतो. जे पाते जड भरेल ते धारेकडून नव्हे, तर मागच्या बोथट कडेकडून थोडेथोडे घासून दोन्हींत १० ग्रॅमच्या आत फरक आणतो. एक पाते नवे आणि एक जुने असे कधीच बसवत नाही.

परत बसवताना बोल्टाबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. पाते झुलले पाहिजे म्हणून अनेकजण नट सैल ठेवतात. वास्तविक या बोल्टाला नटाच्या आधी एक जाड खांदा असतो आणि पाते त्या खांद्यावर फिरते, त्यामुळे नट लांब पान्याने पुरता आवळला तरी पाते मोकळेच राहते. सैल नट मात्र बोल्टाचे भोक लांबट करत जातो. भोक लांबट झालेले, वाकलेले किंवा बोल्टाजवळ झिजून पातळ झालेले पाते मी सरळ भंगारात टाकतो. एका वेल्डरने झिजलेल्या टोकावर वेल्डिंगचा थर चढवून देतो म्हणून आग्रह धरला होता. पैसे वाचले असते हे खरे, पण वेल्डिंगच्या उष्णतेने कडेचे पोलाद कुठे ठिसूळ तर कुठे मऊ होते, आणि असा तुकडा उडाला तर तो कुणाच्या पायात जाईल याचा नेम नाही. वाकलेले पाते तापवून ठोकण्यालाही माझा नकार याच कारणाने असतो.

पाती काढलेलीच आहेत तर पत्र्याच्या आतला चिकटलेला ओला गवताचा थर खुरप्याने खरवडून घ्यावा, नाही तर पावसाळ्यात पत्रा आतून गंजतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गिअरबॉक्सच्या खालच्या दांड्याभोवती काय गुंडाळले आहे ते पाहावे. आमच्याकडे दर वेळी ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा, सुतळी किंवा कुंपणाची तार निघतेच. ती सीलमध्ये शिरून तो आतून कापते आणि तेल गळू लागेपर्यंत काही कळत नाही.

या वेळी दोन्ही पात्यांत ६ ग्रॅमचा फरक राहिला. स्लॅशर पुढून दीड-दोन सेंटिमीटर खाली झुकता ठेवून आणि दगडांच्या भीतीने उंची चार बोटे राखून परवा चिंचेजवळच्या चार ओळी कापल्या. आज सकाळी पाहिले, कुंद्याची टोके सरळ तुटली आहेत आणि पट्टा अजून हिरवा आहे. आडव्या बांधाजवळचा एक दगड मात्र पुन्हा लागलाच. पुढच्या फेरीआधी पहार नेऊन तो उपसायचा आहे.