पिनातुबोचा कमी झालेला वायू

फिलिपीन्समधील पिनातुबो या ज्वालामुखीविषयी वाचताना मी उद्रेकाच्या वर्णनापेक्षा वायूच्या एका आकड्यापाशी अधिक रेंगाळलो. १३ मे १९९१ रोजी या डोंगरातून दिवसाला सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडत होता; २८ मे रोजी तो ५,००० टनांवर गेला आणि ५ जूनपर्यंत ३०० टनांच्याही खाली उतरला. माझ्यासारख्याने डोंगर निवत चालला असे म्हटले असते. तेथील शास्त्रज्ञांना मात्र वायूची वाट बुजली असावी, अशी शंका आली.

शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड असे वायू विरघळलेले असतात आणि तो वर सरकला की भोवतीचा दाब कमी होऊन त्यांचे बुडबुडे सुटू लागतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यातून घडला तो पातळ होता, त्यामुळे वायू सहज निसटे आणि लाव्हा दूरवर पसरे. पिनातुबोचा शिलारस सिलिका अधिक असल्याने घट्ट होता; अशा शिलारसात बुडबुडे अडकतात, आणि वरचे तोंड बंद झाले की दाब साचत जाऊन अखेर सारा शिलारस फेसासारखा फुटतो व त्याची राख होऊन उधळते.

सुमारे ५०० वर्षे निद्रिस्त असलेल्या या डोंगरावर २ एप्रिलला वाफेचे स्फोट झाल्यानंतर फिलिपीन्सच्या ज्वालामुखी व भूकंपशास्त्र संस्थेने आणि अमेरिकी भूवैज्ञानिकांनी त्याच्याभोवती भूकंपमापकांचे जाळे उभारले. खडक तडकल्याने होणारे धक्के आखूड, तीक्ष्ण असतात, तर भेगांतून शिलारस वा वायू सरकू लागला की लांब, संथ लहरींचे धक्के नोंदले जातात. जूनमध्ये हे दुसऱ्या प्रकारचे धक्के वाढू लागले. पायथ्याचे जुने राखेचे थर पाहून पूर्वीच्या उद्रेकांतील राख व वायूंचे तप्त लोट कोठवर पोहोचले होते, तेही नकाशावर मांडले गेले. मला तर यंत्रांइतकेच महत्त्व या थरांचे वाटते, कारण किती अंतरावरची गावे हलवायची याचे उत्तर त्यांतच होते. लोकांची खात्री पटावी म्हणून क्राफ्ट या फ्रेंच ज्वालामुखीतज्ज्ञ दांपत्याने ज्वालामुखींच्या धोक्यांवर केलेली चित्रफीत दाखवण्यात आली. ते दोघेही त्याच वर्षी ३ जूनला जपानमधील उन्झेन ज्वालामुखीच्या तप्त लोटात मरण पावले.

७ जूनला पिनातुबोवर लाव्ह्याचा घुमट दिसू लागला, १० जूनला जवळचा अमेरिकी हवाई तळ जवळजवळ रिकामा करण्यात आला आणि १५ जूनला सुमारे ३५ किलोमीटर उंच राखेचा स्तंभ उठला. हजारो माणसे वाचली. परंतु त्याच दिवशी युन्या हे चक्रीवादळ बेटावर येऊन थडकले, राख पावसात भिजून जड झाली, आणि उद्रेकाच्या वेळी जे शेकडो दगावले त्यांतील बहुतेक जण त्या भाराखाली घरांची छपरे कोसळून मरण पावले.