प, ब, म

आर्वी तालुक्यातल्या त्या शाळेत मी पहिल्यांदा गेले तेव्हा पहिलीतला एक मुलगा बेंचवर मांडी घालून बसला होता. बाईंनी पाय खाली सोडायला सांगितले. त्याने सोडले, आणि ते जमिनीच्या वीतभर वर लोंबत राहिले. दोन मिनिटांत त्याने पुन्हा मांडी घातली. लोखंडी सांगाड्याचे ते डेस्क-बेंच कुणीतरी चांगल्या मनाने शाळेला दिले होते, पण होते सातवी-आठवीच्या मापाचे. हलवायला दोन मोठी माणसं लागायची, म्हणून ते कधी हललेच नव्हते.

मी शाळांच्या आतल्या जागा आखते आणि तिथलं फर्निचर करून देते. राहते नागपूरला, बहुतेक काम शहरातल्या खासगी शाळांचं. हे काम आलं ते त्या गावात शिकून बाहेर पडलेल्या काही जणांच्या वर्गणीतून. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, पट ४१, खोल्या दोन, शिक्षक दोन. शिक्षण हक्क कायद्यात साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, त्यामुळे पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसरीत. एवढ्या पटाच्या शाळेला ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून वर्षाचं संयुक्त अनुदान २५,००० रुपये. खडू, रंगरंगोटी, दुरुस्ती, स्वच्छता सगळं त्यातच बसवायचं. फर्निचरचं नाव त्यात कोण काढणार?

शहरातल्या शाळा मला ‘लवचीक वर्ग’ मागतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा रंगीत बैठका आणि छान फोटो हवे असतात. इथली गरज खरी होती. एका बाईंपुढे दोन इयत्ता. दुसरीला जवळ घेऊन शिकवायचं तर पहिलीने आपापलं काहीतरी करत बसायचं, आणि थोड्या वेळाने उलट. म्हणजे खोली दिवसातून चार-पाच वेळा बदलणार, आणि बदलायची ती मुलांनीच. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं, तेव्हा चार वर्षांच्या दोन मुलांना सहज उचलता येतील अशी हलकी टेबलं करून घेतली होती. मी तीच कसोटी धरली. जे पहिलीतल्या पोराला उचलत नाही, ते या खोलीत येणार नाही.

मापं घ्यायला पूर्ण दिवस लागला. एकेका मुलाला विटांच्या थरावर बसवायचं, गुडघ्यामागच्या खळग्यापासून जमिनीपर्यंत फूटपट्टी धरायची. पहिलीत २६-२७ सेंटिमीटर, चौथीत ३३-३४. युरोपातल्या मापांच्या तक्त्यात १०८ ते १२१ सेंटिमीटर उंचीच्या मुलासाठी ३१ सेंटिमीटरची बैठक दिलेली आहे. आपली पोरं चपला दाराबाहेर काढून अनवाणी बसतात, म्हणून मी आणखी खाली आले. मग वेगवेगळ्या उंचीच्या खुर्च्या करायच्या ऐवजी एकच खोकं काढलं: १२ एमएम प्लायचं, एक बाजू उघडी, बाजू २६, ३० आणि ३४ सेंटिमीटर. जसं पालथं घालाल तशी उंची. वजन साधारण तीन किलो. पुलगावच्या सुतारभाऊंनी पहिलं खोकं तीनदा उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, “ताई, हे त चारही वर्गाले पुरते जी.” हात घालायची खाच त्यांनीच सुचवली, आणि तिच्या कडा घासून इतक्या गुळगुळीत केल्या की मी स्वतः त्यावरून बोट फिरवत बसले.

टेबलं समलंब आकाराची केली, दोन जोडली की षटकोन होतो. खाली बसणाऱ्यांसाठी चौरंग. पुस्तकांच्या कपाटाला चाकं. ती आधी लहान लावली होती, फरशीच्या सांध्यात अडकून कपाट तिरकं होऊ लागलं, म्हणून बदलून तीन इंची रबरी लावली. भिंतींवर जमिनीपासून मुलाच्या हाताच्या उंचीपर्यंत काळ्या फळ्याचा पट्टा, प्रत्येकाच्या वाट्याला हातभर. हा पट्टा माझा शोध नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं काम पाहून आलेल्या शिक्षकांनी असे फळे राज्यभर नेले आहेत. आणि बाईंचं मोठं टेबल मी खोलीतून काढून टाकलं. खोलीला ‘पुढची बाजू’ राहू नये, बाईंनी मुलांमध्ये फिरावं, हा माझ्या आराखड्याचा गाभा होता. त्या निर्णयाचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी दिवसभर वर्ग बघायला गेले. सकाळचे दोन तास सुरेख गेले. पहिलीची पोरं खोकी डोक्यावर घेऊन फिरत होती, दुसरीने टेबलं जोडून षटकोन केला, मोडला, पुन्हा केला. मी कोपऱ्यात उभी राहून फोटो काढत होते.

त्यात दुसरीतल्या एका मुलीचे फोटो सगळ्यात जास्त निघाले. बाई खिडकीशी गेल्या की ती आपलं खोकं खिडकीकडे फिरवायची. बाई फळ्याच्या पट्ट्याशी बसल्या की तिकडे. कुणी सांगायच्या आत, आवाज न करता. मला वाटलं, हिला कळलं हे फर्निचर कशासाठी आहे! बाई म्हणाल्या, “शांत हाय खूप. मागच्या वर्षी पहिल्याच बेंचवर बसायची, माह्या टेबलासमोर. तिथून उठायची नाही.”

मधल्या सुट्टीनंतर आभाळ भरून आलं. बाईंनी दुसरीला श्रुतलेखन घातलं, पहिली चौरंगावर चिंचोके मोजत होती. दोन शब्द झाले असतील, तोच पाऊस सुरू झाला. टिनाच्या छताखाली पाऊस म्हणजे डोक्यावर ज्वारीची पोती ओतल्यासारखा आवाज. बाई दाराशी उजेडात उभ्या राहिल्या आणि तोंड मोठं करून ओरडून शब्द सांगत राहिल्या. पोरं एकमेकांकडे बघू लागली. “आयकू नाही येऊन राह्यलं, बाई!” एकेकाने पेन्सिल खाली ठेवली. मला चार हातांवरून एक शब्द कळत नव्हता.

ती मुलगी लिहीत होती.

बाईंच्या तोंडाकडे बघायचं, मान खाली घालून लिहायचं, पुन्हा बघायचं. पाऊस सुरूच झाला नाही अशा शांतपणे. बाईंनी दहा शब्द पुरे केले. बाकी मुलांच्या वहीत दोन, फार तर तीन. तिच्या वहीत दहा. मी वाकून वाचले. नदी, सुई, वड बरोबर. बाग होता तिथे ‘माग’. मासा होता तिथे ‘पासा’. बोर होतं तिथे ‘मोर’. ताक होतं तिथे ‘नाक’.

माझ्या वडिलांना उतारवयात ऐकू येईनासं झालं, तेव्हा कानाच्या डॉक्टरांनी आम्हाला घरी करून बघायला सांगितलं होतं: आरशासमोर उभं राहा आणि आवाज न काढता ‘पाट’, ‘बाट’, ‘माट’ म्हणा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. शाळेत आपण पाठ केलेला पवर्ग, ओठांवरचा. डोळ्यांना प, ब, म यांत फरकच दिसत नाही. त आणि न यांचंही जवळपास तेच. ती वही हातात धरून मी उभी होते आणि वडिलांचा चेहरा आठवत होते. मुलगी ऐकत नव्हती. वाचत होती.

पाऊस ओसरल्यावर मी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांना पटेना. त्या कपाटातून पहिलीच्या जुन्या वह्या घेऊन आल्या. पानापानावर लाल गोल. बाग-माग, पान-मान, बस-मस. एका पानाखाली त्यांच्याच अक्षरात शेरा: ‘ब, म चा सराव घ्यावा.’ त्या पानाकडे बघत त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग उठल्या, मुलीच्या मागे दोन हातांवर जाऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात तिला हाक मारली. शेजारची दोघं वळली. तिसऱ्या हाकेला शेजारणीने तिला कोपर मारलं, तेव्हा ती वळली आणि लगेच बाईंच्या ओठांकडे बघू लागली.

बाईंना दोष द्यावा असं मला कधीच वाटलं नाही. जुन्या खोलीत बेंच हलत नव्हते, बाईंचं टेबल हलत नव्हतं, आणि त्या न हलण्यात त्या मुलीने आपली जागा शोधून ठेवली होती. बाईंचा चेहरा समोर, तीन फुटांवर. तिथून तिने पहिली पार केली. मी आले, हात जोडून सगळ्यांना ‘पुढची बाजू’ नको म्हणून सांगितलं, आणि तिची जागा काढून घेतली. सकाळभर ती खोकं फिरवत होती ते हरवलेलं तोंड शोधत होती. मी तेच फोटो काढत होते.

संध्याकाळी तिची आई शाळेत आली, शेतातून तशीच, पायाला चिखल. “आयकते जी ती,” म्हणाली, “मनात असन तवा आयकते. नाहीतर कितीबी हाका मारा.” मग हळूच, “पावसाळ्यात कान वायते तिचा. आमी कोमट तेल टाकतो.” राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, पण ते आलं त्या दिवशी ही मामाच्या गावाला होती. बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात स्वतः सोबत जाऊन तिला जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. दोन्ही कानांना कमी ऐकू येतं, उजव्या पडद्याला छिद्र आहे, असं निघालं. तेल बंद, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, औषधाने कान कोरडा करायचा, मग शस्त्रक्रियेचं ठरेल, असं सांगितलं. कान सतत वाहत राहून पडद्याला छिद्र पडणं हे खेड्यातल्या मुलांचं ऐकू कमी येण्याचं मोठं कारण आहे, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी मुलांचे गुडघे मोजत होते, कान कधी मोजला नव्हता.

आणि आवाजाचं शिक्षण मला नव्हतं असंही नाही. वर्गात टाळी वाजवली तर तिचा घुमारा ०.६ सेकंदात विरला पाहिजे असं अमेरिकेतलं मानक सांगतं. हे मी कॉलेजात शिकले होते. टिन, सिमेंट, फरशी आणि माझी चकचकीत प्लायची टेबलं, सगळं कडक. त्या खोलीत शब्द भिंतींवरून आपटून परत येत आणि दुसऱ्या शब्दावर पडत. ज्यांचे कान धड त्यांचंही निम्मं लक्ष तो गुंता सोडवण्यात जात असणार. दोन इयत्ता एका खोलीत म्हणजे आधी आवाजाचा प्रश्न. बैठकीचा त्याच्या नंतर. मी तो उलट्या क्रमाने सोडवला होता.

मग पुन्हा कामाला लागलो. कापसाच्या मुलुखात आवाज शोषायला आणखी काय आणायचं? आर्वीच्या जिनिंगमधून रुई आणली. रुई पेट घेते म्हणून टाकणखार आणि बोरिक पावडरच्या पाण्यात भिजवून कडक उन्हात वाळवली, आणि वाळल्यावर मूठभर रुईला काडी लावून बघितली. ती काळी पडली, भडकली नाही. सुतारभाऊंनी चार बाय तीन फुटांच्या चौकटी केल्या, दोन इंच जाड, वर वर्ध्याहून आणलेली खादी. खादी किती लागेल याचा हिशेब चौथीने मांडला, फळ्याच्या पट्ट्यावर, तीनदा चुकून चौथ्यांदा बरोबर. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हातकामातून शिकण्याचा विचार मांडला गेला, तो जिल्हा हाच. रुई भरायला सगळी शाळा बसली.

चार चौकटी भिंतीला लावल्या, मागे दोन बोटं मोकळी ठेवून, म्हणजे त्या जास्त आवाज पितात. दुसऱ्या चार चौकटींना पाय लावून त्या उभ्या केल्या, मुलांनी हलवायच्या. दोन इयत्तांमध्ये आडोसाही झाला आणि चित्रं टाचायला जागाही. टिनाखाली बुरडाकडून बांबूचे तट्टे बांधून घेतले. उन्हाळ्यात त्याचा उपयोग दिसेल. पावसाचा आवाज कमी झाला, गेला नाही. तो जायचा तर छतच बदलावं लागेल, आणि वर्गणी संपली होती.

बाईंची जागा परत आणली. टेबल नाही, फक्त जमिनीवर रंगवलेला एक गोल, उत्तरेच्या खिडकीसमोर. महत्त्वाचं सांगायचं असेल तेव्हा त्या तिथेच उभ्या राहतात, खिडकीकडे तोंड करून. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा पडतो आणि ओठ दिसत नाहीत. गोलाभोवती खोकी घोड्याच्या नालेसारखी मांडली, म्हणजे बोलणाऱ्या प्रत्येक मुलाचं तोंड बाकीच्यांना दिसतं.

डिसेंबरात मी गेले तेव्हा वेचणीचे दिवस होते, वर्गात निम्मीच मुलं. ती आली होती. शस्त्रक्रियेची तारीख अजून मिळायची होती. मुलांनी चौकटींवर काय काय टाचलंय ते बघता बघता मी फळ्याकडे वळून षटकोन काढू लागले आणि तसंच पाठमोरी समजावू लागले. मागून बेंचवर मांडी घालणारा तोच मुलगा, ज्याचे पाय आता फरशीला टेकत होते, ओरडला, “मॅडम, इकडं तोंड करा ना जी. तिले दिसत नाही.”

मी खडू ठेवला आणि गोलात येऊन उभी राहिले.