बांधावरचे दोन कुंभे

पावसाळ्यात सिन्नरला आत्याकडे गेले की कुंभ्याची भाजी ठरलेलीच. कोवळी पानं उकडायची, पिळून कडू पाणी काढायचं, मग लसूण, कांदा आणि भिजवलेली मूगडाळ. यंदा भाद्रपदात गेले तेव्हा कुंभा फुलावर आला होता. एकाच बांधावर दोन तऱ्हेची झाडं, आणि आत्या दोघांनाही कुंभाच म्हणते. मला राहवेना.

आधी खोड दोन बोटांत धरून फिरवलं. चार कडा लागल्या. पानं समोरासमोर, प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात. म्हणजे तुळशीचं कुळ, असं पटकन म्हणून टाकतो आपण. पण कुंपणातल्या घाणेरीचं खोडही चौकोनी असतं, पानंही समोरासमोर, आणि ती या कुळातली नाही. फुलापर्यंत जावंच लागतं.

भिंगातून बघितलं. पांढरंशुभ्र फूल, दोन ओठांचं. वरचा ओठ आखूड, टोपीसारखा वाकलेला, त्यावर दाट लव. टोपीखाली चार पुंकेसर, दोन लांब नि दोन आखूड. खालचा ओठ ऐसपैस, माशीला टेकायला ओटाच. फूल अलगद ओढलं की निघून येतं आणि मागे हिरवा पेला उरतो. तो टाचणीने उकलला. तळाशी चार इवलेसे हिरवे गोळे, एकमेकांना बिलगून बसलेले. घाणेरीला त्या जागी एकच गोल, पिकल्यावर काळं होणारं फळ धरतं. तुळशीच्या कुळाची चार गोळ्यांची ही खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. मिनिटभर लागतं, पण लावावं.

आता दोघांतला फरक. एकाच्या शेंड्याला लिंबाएवढा गेंद, भोवती रुंद हिरवी पानोळी: ही द्रोणपुष्पी, शास्त्रीय नाव ल्यूकस सेफॅलोटस. दुसऱ्याचे गेंद लहान, खोडावर पेरापेरांशीही बसलेले, पानं अरुंद, आणि पेल्याचं तोंड तिरकं छाटल्यासारखं: ल्यूकस ॲस्पेरा. ग्रीकमध्ये ल्यूकॉस म्हणजे पांढरा. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने 1810 मध्ये ठेवलेलं हे नाव आमच्या बांधावर अगदी शोभतं.

आत्याला दोन्ही फांद्या दाखवल्या. “अगं, आता पानं निबर झाली, भाजीला नाही व्हायची,” म्हणाली, आणि एक फूल खुडून माझ्या हातावर ठेवलं. “मागनं चोख.”

टोकाशी गोड थेंब होता.